जीभ दबली

लिव्हियाने आवळलेला नट सैल होत नाही, हे डोंगरावरच्या मारेझिगे गावापासून खाली समुद्रापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लिव्हियाला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच ठाऊक होतं. बावीस वर्षं तिने खालच्या कोपर शहरातल्या मोपेड कारखान्यात एकच काम केलं होतं. समोर गिअरबॉक्स आला की क्लचचा मोठा नट बसवायचा, पान्याला तीन हिसके द्यायचे, तिसरा खांद्यातून, आणि तळहाताच्या गादीने तो डावीकडे सरकवायचा. दिवसाला साडेतीनशे. गिअरबॉक्स एवढा लांबलचक शब्द बोलायला तिथे कुणाला सवड नव्हती, सगळे पेटी म्हणायचे.

डावीकडे ओनोरिना बसायची. त्या नटाखाली पत्र्याचा एक वॉशर असतो आणि त्याला एका बाजूला जीभ असते. ती जीभ छिन्नीने वाकवून नटाच्या अंगावर दाबली की नट कितीही थरथरला तरी फिरत नाही. ओनोरिना दोन ठोके मारायची आणि नाकातून म्हणायची, "दबली." हे म्हणायचा नियमच होता. 'दबली' ऐकू आल्याशिवाय पुढच्या बाईने पेटीवर झाकण घालायचं नाही. बायका चेष्टा करायच्या की ओनोरिनाने आजवर लाखो जिभा दाबल्या, पण तिच्या स्वतःच्या तोंडातली काही तिला दाबता आली नाही. ओनोरिना त्यांना असं काही उत्तर द्यायची की फोरमन लाजून दुसऱ्या लाइनवर जायचा.

कारखाना बंद पडला. मोपेड मात्र बंद पडल्या नाहीत. त्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे, द्राक्षमळ्यात, मेलेल्या आजोबांच्या पडवीत उभ्याच होत्या, आणि लोक त्या बाहेर काढून लिव्हियाकडे आणायला लागले. लिव्हियाच्या घराखाली दारूचं तळघर होतं. रेफोश्क वाइनची दोन पिंपं एका बाजूला सारून तिने तिथे कारखान्यातून आणलेलं जुनं बाक मांडलं, बाकाला दोन स्टुलं. उजव्या स्टुलावर ती, डाव्या स्टुलावर ओनोरिना.

"तुला दोन हात आहेत," ओनोरिना म्हणायची. "जीभ तुझी तूच दाबू शकतेस. मला कशाला रोज डोंगर चढायला लावतेस?"

"मी जीभ दाबायला लागले तर नट विसरेन."

"एवढंसं डोकं तुझं. वातोवेत्सांच्या घरात जन्मलीस म्हणून खपलं."

अशी अकरा वर्षं गेली. मग ऑक्टोबरात ओनोरिनाला पोटाचं दुखणं लागलं. शेवटचं काम झाल्यावर तिने छिन्नी आणि छोटी हातोडी फडक्यात गुंडाळली, तिच्या पद्धतीची दुहेरी गाठ मारली, खिळ्याला लटकवली आणि म्हणाली की बरी झाले की येते. ती बरी झाली नाही. जानेवारीत लिव्हिया तिच्या उशाशी बसली होती तेव्हा ओनोरिना म्हणाली, "डेनिस माझी मोपेड घेऊन वेड्यासारखा पळवणार. मी त्याला थांबवू शकले नाही. तूही नाही थांबवू शकणार. पण लिव्हिया, पेटी दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नकोस."

"नाही देणार."

"वचन?"

"म्हटलं ना."

फेब्रुवारीत डोंगरावरून गार बुर्या वारा सुटलेला असताना तिला पुरलं. लिव्हियाने त्यानंतर दोन महिने एकही पेटी उघडली नाही. गिऱ्हाईक आलं की खांदा दुखतो असं सांगून परत पाठवायची. खांदा दुखत होता हेही खरंच होतं.

एप्रिलात, रानात शतावरीचे कोंब फुटले तेव्हा, डेनिस आला. ओनोरिनाचा एकुलता एक मुलगा, वय अडतीस, बंदरात क्रेन चालवणारा, आईसारखाच मोठ्या नाकाचा. त्याच्या गाडीच्या मागे ओनोरिनाची लाल मोपेड बांधलेली होती. वीस वर्षं नोकरी झाली म्हणून कारखान्याने बक्षीस दिलेली.

"टेटा, चौथ्या वळणावर क्लच हात टेकतो," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला टेटाच म्हणत आला होता, म्हणजे मावशी. "इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी."

लिव्हियाने वाकून सिलिंडर बघितला. "हा कोणी बसवला?"

"मीच."

"पन्नास सीसीच्या जागी सत्तर? अरे, पेटी पन्नासाची आहे. गाढवावर बैलाचं ओझं टाकलंस आणि वर म्हणतोस गाढव चालत नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. पेटीही तेवढ्या तोलाची कर."

"सिलिंडर काढ."

"नाही काढणार."

"मग डोकं फोडून घे."

डेनिस हसला नाही. तो मोपेडच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. "जूनच्या चढाईच्या शर्यतीत आई चौदा वर्षं गेली," तो म्हणाला. "चौदाही वर्षं शेवटून पहिली. लोक वर चौकात जेवण आटपून भांडी घासत असायचे, तेव्हा ही फटफट करत पोचायची. सगळे टाळ्या वाजवायचे, तीही वाजवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तरी तिची गाडी पहिली वर गेली पाहिजे. एकदाच. मग काढतो सिलिंडर."

लिव्हियाला ओनोरिनाचे शब्द आठवले. हा पोरगा थांबणार नव्हता. तिने नाही म्हटलं असतं तर तो खाली शहरात कुणा उपटसुंभाकडून पेटी उघडून घेणार होता, आणि अर्धवट बांधलेली पेटी घेऊन उतारावरून ताशी सत्तरच्या वेगाने येणार होता. त्याचा जीव पेटीवर होता आणि पेटी तिच्या हातात होती. इतका सरळ हिशेब होता.

"सामान मी सांगते ते मागव," ती म्हणाली. "स्वस्तातलं आणलंस तर फेकून देईन."

सामान हॉलंडहून आलं. लिव्हियाने ते बाकावर मांडलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बोटांना बरं वाटलं. या मोपेडला हाताने गिअर टाकायचे नसतात. पेटीत दोन क्लच असतात. वेग वाढला की क्लचचे गुटके आपोआप बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या भांड्याला धरतात, आधी पहिल्याचे, मग दुसऱ्याचे. ताकद वाढवली की जुने गुटके भांड्यावर नुसते घासत बसतात, जळका वास येतो, आणि चढावर गाडी रडते. तिने कडक स्प्रिंगा घातल्या, म्हणजे दुसरा क्लच घाईने धरणार नाही. नव्या अस्तराचे गुटके बसवले आणि ते भांड्याला सगळीकडून सारखे टेकतात का हे खडूने रंगवून तपासलं. तिरप्या दातांची चक्रं काढून सरळ दातांची घातली, कारण तिरप्या दातांना जोर दिला की ती शाफ्टला बाजूला ढकलतात. बेअरिंगं नवी. एक बेअरिंग तिने तीनदा बसवून तीनदा काढलं. आळस तिच्या अंगात कधीच नव्हता. पुढे जे झालं ते आळसाने झालं असतं तर बरं, असं तिला नंतर अनेकदा वाटलं.

मोठे नट दोन असतात. एक इंजिनाच्या बाजूचा, त्याला नुसता स्प्रिंगचा वॉशर पुरतो. दुसरा क्लचचा, जिभेचा. इंजिनाकडचा तिने गुरुवारीच बसवला होता. क्लचचा राहिला होता तो शुक्रवारी दुपारी. फडक्याची गाठ तिने अजून सोडली नव्हती. आज सोडावी लागणार, हे सकाळी उठल्यापासून तिच्या मनात होतं.

डेनिस पहिली पाळी संपवून आला. बायकोने, तमाराने, शतावरी घालून केलेला अंड्यांचा पोळा डब्यात दिला होता. त्याने डबा पिंपावर ठेवला आणि सहज डाव्या स्टुलावर बसला.

ऑक्टोबरपासून त्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. ऊठ, असं लिव्हियाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती बोलली नाही, कारण तिला बरं वाटलं. डावीकडे एक अंग होतं, श्वास होता, तंबाखूचा तोच वास होता. तिने वॉशर घातला. नट चढवला. पान्याला एक हिसका, दुसरा, तिसरा खांद्यातून. खांद्यात कळ आली. तळहाताच्या गादीने तिने पेटी डावीकडे सरकवली.

डेनिसने पेटी दोन्ही हातांनी धरली, आत डोकावला, आणि आईचं ते नाकातलं बोलणं हुबेहूब उचलून म्हणाला, "दबली."

लिव्हिया हसली. इतकी हसली की तिला बाकाला धरावं लागलं. डेनिसही हसत सुटला. "अजून एकदा म्हण," ती म्हणाली, आणि तो पुन्हा म्हणाला, "दबली. घाला झाकण, काय बघताय तोंडाकडे." मग हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते तिलाच कळलं नाही. फेब्रुवारीत कबरीपाशीही ती अशी रडली नव्हती. तिने कोपराने डोळे पुसले, हाताला सवय होती तशी गॅस्केट ठेवली, झाकण बसवलं, सात स्क्रू आवळले आणि लाल तेल ओतलं. मग दोघांनी पोळा खाल्ला आणि वर पेलाभर वाइन घेतली.

"पन्नास किलोमीटर हळू चालव," तिने बजावलं. "मग परत आण. तेल बदलायचं आणि मला पेटी ऐकायची आहे."

"आणतो."

त्याने आणली नाही. बंदरात जहाजांची रांग लागली होती, त्याला जादा पाळ्या पडल्या. आणि पेटी चांगली चालत होती, मग कोण येतंय मुद्दाम डोंगर चढून.

जूनच्या त्या रविवारी लिव्हिया वर चौकात होती. तुतीखाली टेबलं मांडली होती, वारा पडला होता. खालच्या वळणांवरून मोपेडचा कालवा ऐकू यायला लागला तशी माणसं भिंतीपाशी गेली. लिव्हिया गेली नाही, कानांनीच ओळखत बसली. सगळ्यांच्या पुढे एक आवाज होता, जाड, न अडखळणारा. चौथं वळण आलं आणि दुसरा क्लच असा अलगद धरला की तिच्या अंगावर काटा आला. तिच्या पेटीचा आवाज होता तो.

लाल मोपेड चौकात पहिली आली. मागचा गडी दीड वळण मागे होता. डेनिसने मोपेड थेट लिव्हियाच्या टेबलापाशी आणून उभी केली आणि हेल्मेट काढून बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "भांडी घासायला घ्या." लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. लिव्हियाने त्याचं नाक धरून हलवलं. त्या दिवशी ती सुखी होती, आणि ओनोरिनाला हे दिसायला हवं होतं असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

जेवणं झाल्यावर सगळे उतरायला लागले. अर्ध्या तासाने कार्लो, ज्याला सगळे बार्बा म्हणजे काका म्हणायचे, धापा टाकत चौकात आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा कारखान्यात तपासनीस होता आणि धावताना त्याला कुणी कधी बघितलं नव्हतं. सातव्या वळणावर मागचं चाक एकाएकी जागीच जाम झालं होतं. मोपेड आडवी गेली आणि डेनिस दगडी बांधावर आदळला. जीव वाचला. कंबरेपासून खालचं शरीर त्याचं राहिलं नाही.

गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. सत्तरचा सिलिंडर, दुसरं काय? करावं तसं भरावं, असं दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे चाललं होतं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण लिव्हियाही त्यात होती. तिला डेनिसचा राग आला होता. ब्रेडच्या रांगेत तमारा पुढे उभी असताना ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्याला, काढ म्हणून. ऐकायला नको." तमाराने मान खाली घातली आणि ब्रेड न घेताच निघून गेली.

तीन आठवड्यांनी कार्लो मोडकी मोपेड आपल्या ट्रेलरवर घालून लिव्हियाकडे आला. तमाराला ती अंगणात नको होती.

"भंगारात टाकण्याआधी पेटी उघडू या," कार्लो म्हणाला. "जाम कशाने झाली ते बघू. माझा जीव राहत नाही बघितल्याशिवाय."

"बघायचंय काय त्यात? ताकद जास्त झाली."

"असेल. उघड तर."

लिव्हियाने सात स्क्रू काढले. तेल बाहेर आलं ते लाल नव्हतं, राखाडी होतं, चकाकणाऱ्या कणांनी भरलेलं. झाकणाला आतून खोल ओरखडा होता. क्लच शाफ्टवरून सरकून झाकणाला भिडला होता आणि चक्रांचे दात एकमेकांत रुतले होते. नट सुटून तळाशी पडला होता. तिने वॉशर उचलून फडक्याने पुसला आणि उजेडात धरला.

जीभ सपाट होती. कारखान्यातून आली तशी कोरी. छिन्नीचा एकही व्रण तिच्यावर नव्हता.

लिव्हियाने मान वळवून खिळ्याकडे बघितलं. फडकं लटकत होतं. गाठ ओनोरिनाची होती, दुहेरी, कुणी न सोडलेली, आणि तिच्यावर तळघराची धूळ होती.

तेव्हा तिला तो शुक्रवार आठवला. तिच्या हातांनी बावीस आणि अकरा, तेहतीस वर्षं जे केलं तेच केलं होतं: नट आवळला, डावीकडे सरकवला. डावीकडे माणूस होता. आणि तिच्या कानांनी 'दबली' ऐकलं होतं. तो शब्द ऐकला की पुढे झाकणच बसतं. हात थांबून विचारत नाहीत की कोण म्हणालं.

ती स्टुलावर बसली.

कार्लोने वॉशर तिच्या हातातून घेतला, चष्मा वर करून बघितला आणि परत बाकावर ठेवला. तपासनिसाला समजावून सांगावं लागत नाही.

"कोणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"आपल्या दोघांना."

"मग दाब."

"काय?"

"जीभ दाब, लिव्हिया." त्याने खिळ्याकडे बोट केलं. "दोन ठोके मार. मग पक्कडीत धरून सरळ कर, तोड. कुणी बघितलंच तर म्हणेल, दबली होती, ताकदीने तुटली. आणि तुझ्या तोंडातलीही दाब. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराचे पाय काय तुझ्या बोलण्याने परत येणार आहेत?"

"नाही येणार."

"मग? सांगून कोणाचं भलं होणार?"

लिव्हिया उठली, फडकं काढलं आणि गाठीवर बोटं ठेवली. खोटं कशाला बोलू, तिच्या मनात आलं होतं. तेहतीस वर्षांचं नाव होतं. या डोंगरावर तिला दुसरं होतं काय? नवरा नाही, मूल नाही, एक मैत्रीण होती ती मातीत. दोन ठोके मारले असते तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पण गाठ ओनोरिनाची होती. ती अशा कामासाठी सोडायला तिची बोटं वळेनात. तिने फडकं परत खिळ्याला लावलं.

"उद्या त्याला भेटून येते," ती म्हणाली.

"वेडी आहेस."

"असेन."

टेकडीवरच्या हॉस्पिटलात जायला दोन बस बदलाव्या लागतात. दोन्ही बसमध्ये ती एकच वाक्य घोकत होती. वॉशर तिने पर्समध्ये रुमालात बांधून घेतला होता.

डेनिस खिडकीपाशी पडून होता. चेहरा उतरला होता, त्यामुळे नाक आणखीच मोठं दिसत होतं. तिला बघून त्याला आनंद झाला, आणि हे तिला सहन झालं नाही.

"बस, टेटा," तो म्हणाला. "बरं झालं आलीस. मला तुला एक सांगायचंय, आधी ते सांगू दे."

"मला पण—"

"आधी मी. तमारालाही नाही सांगितलं." त्याने छताकडे बघितलं. "आवाज येत होता. चढतानाच. टक, टक, असा, पेटीतून. उतरताना वाढला. थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, लिव्हियाच्या हातची पेटी आहे, हिच्यात काय होणार? माझ्याच कानात काहीतरी असेल. तू परत आणायला सांगितली होतीस, तीही आणली नाही. इथे रात्रंदिवस पडून तेच डोक्यात चालतं. मी थांबलो असतो तर चालत असतो. आणि लोक आता तुझ्या पेटीला नाव ठेवत असतील."

"नाही ठेवत."

"मग बरं."

लिव्हियाने पर्स उघडली आणि वॉशर त्याच्या चादरीवर ठेवला. बसमध्ये घोकलेलं वाक्य तिला आठवेना.

"ही जीभ," ती म्हणाली. "दाबायची असते. तुझी आई दाबायची. मी दाबली नाही. नट फिरून सुटला. तुला जो आवाज आला तो त्याचाच. तुझा कान खोटा नव्हता."

डेनिसने वॉशर उचलला. सपाट जिभेवरून अंगठा फिरवला. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा रेडिओवर फुटबॉल ऐकत होता. डेनिसच्या कपाळावर हळूहळू आठी पडत गेली, आणि लिव्हियाला त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं, पेटीचं झाकण काढल्यासारखं.

"मी होतो ना तिथे," तो म्हणाला. "आईच्या स्टुलावर बसलो होतो. तू पेटी माझ्याकडे सरकवलीस, आणि मी म्हणालो—"

त्याचे ओठ तो शब्द जुळवायला लागले होते.

लिव्हिया आयुष्यात इतक्या चटकन खोटं बोलली नव्हती. "तुझ्यासमोर आवळला तो दुसरा नट," ती म्हणाली. "इंजिनाकडचा. त्याला जीभच नसते. हा जिभेचा मी आदल्या दिवशीच आवळला होता, एकटीने. तू आलास तेव्हा हा भांड्याखाली झाकला गेला होता. तुला दिसणंही शक्य नव्हतं."

"नक्की?"

"पेटी मी बांधली की तू?"

त्याने तिच्याकडे बघितलं. पेटीबद्दल लिव्हिया सांगते आहे, म्हणजे ते तसंच असणार. याच विश्वासाने तो उतारावर थांबला नव्हता, आणि आता त्याच विश्वासाने त्याचा विचार थांबला. आठी गेली. तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं, कठीण, आणि ते सरळ तिच्यावर रोखलेलं होतं. लिव्हियाला ते हवंच होतं.

"विसरलीस," तो म्हणाला.

"विसरले."

"आईने तुला सांगितलं होतं ना? पेटी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हणून? मला माहीत आहे, ती मलाही म्हणाली होती. लिव्हियाकडेच जा."

"सांगितलं होतं."

"आणि तू दुकानात तमाराला म्हणालीस, मी ऐकलं नाही म्हणून."

"म्हणाले."

त्याने वॉशर तिच्या मांडीवर टाकला. "जा," तो म्हणाला. "आणि परत येऊ नकोस. तमाराकडेही जाऊ नकोस. आईच्या कबरीवर फुलं ठेवतेस तीही ठेवू नकोस."

"बरं," लिव्हिया म्हणाली.

ती जिना उतरली. बसथांब्यावर उन्हात उभी राहिली आणि तिथे तिला रडू आलं, मोठ्याने, लोकांदेखत. ओनोरिनाच्या घरातलं आता तिचं कुणी उरलं नव्हतं. पण त्या खाटेवरचा पोरगा आजपासून रात्री जागा राहिलाच तर तिला शिव्या देत जागा राहणार होता, स्वतःला नाही. तेवढं तिने केलं होतं. फार नव्हतं ते, पण पायांच्या बदल्यात तिच्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतं.

कार्लो तळघराच्या पायरीवर वाट बघत बसला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

लिव्हिया आत गेली, खिळ्यावरचं फडकं काढलं, ओनोरिनाची गाठ दातांनी सोडवली आणि छिन्नी हातात घेतली. मग डाव्या स्टुलावर जाऊन बसली, पर्समधला वॉशर बाकावर ठेवला आणि त्याच्या जिभेवर दोन ठोके मारले.

"दबली," ती म्हणाली.

कार्लोला वाटलं, ती वॉशरबद्दल बोलते आहे.